यादीत नाव लागेपर्यंत

पालमहून लोह्यामार्गे नांदेडला निघालेल्या एसटीत मुलाखतीची फाईल मांडीवर धरलेले एखादे सर दिसतात. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या पीएच.डी. यादीकडे डोळे लावायचे.

ही वाट केवळ गुणवत्तेची नाही. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक विद्यार्थी असू शकतात. म्हणजे तुमची तयारी कितीही असो, मार्गदर्शकाकडे जागा हवी. गंमत अशी, की जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट पुरते, पीएच.डी. ऐच्छिक झाली. तरी ही माणसं थांबतात. काहींना खरोखर एखादा प्रश्न छळत असतो, आणि मला तीच जास्त आवडतात.

अशा सरांचा तास वेगळा होतो. स्वतःचाच निकाल लागायचा असल्यानं नापास मुलाला ते सहसा टोचून बोलत नाहीत. ‘हे मलाही नीट कळलेलं नाही, शोधू या,’ असं फळ्यासमोर म्हणतात. संशोधन तिथं सुरूच झालेलं असतं.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, “सर, तुमचं झालं का?”

“अजून नाही. वह्या काढा.”