फोन उचलला नाही म्हणून

आपल्या पत्रकार संघाच्या परवाच्या मासिक सभेत जे झालं ते मला पटलेलं नाही. धानाच्या रोवणीची ठरलेली मजुरी शेतमालकाने दिली नाही, अशी मजूर बायांची तक्रार आहे; ते प्रकरण आता भंडारा जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. चहाच्या टपरीवर त्याची चर्चा आहे, पंचायत समितीच्या पायऱ्यांवर आहे, त्या शेतमालकाच्या सोयऱ्याधायऱ्यांतही आहे. नाही ती फक्त आपल्या साप्ताहिकांच्या पानांवर. आणि तो विषय सभेत निघाला तेव्हा आंबेडकरी पत्रकारितेचा वारसा सांगणाऱ्या आपल्या संघाने तो पुढच्या महिन्यावर ढकलला.

विषयपत्रिका माझ्यासमोर आहे. नव्या अधिकाऱ्यांचा सत्कार, ओळखपत्रांचं नूतनीकरण, अधिस्वीकृतीचे अर्ज, ६ जानेवारीच्या पत्रकार दिनाची वर्गणी. सगळ्यात शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. मजुरीचं प्रकरण या शेवटच्या ओळीत होतं, म्हणजे कागदावर त्याचं नावही नव्हतं. सभा वेळेवर सुरू झाली नाही. हे मी याआधीही लिहिलं आहे आणि पुन्हा लिहीन, की सरकारी कार्यालयांचा उशीर छापणाऱ्यांनी स्वतः वेळेवर यावं. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो, आणि फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा फोटो. मागच्या बाकावर दोन बाया शाळेची वही घेऊन बसल्या होत्या. कोणत्या तारखेला कोणत्या बांधीत किती जणींनी रोवणी केली, याची त्या वहीत नोंद होती. शेवटची एसटी गाठायची म्हणून त्या आभारप्रदर्शनाच्या आधीच उठल्या. वही कुणी उघडून पाहिली नाही.

विषय निघाला तो त्या गेल्यावर. जागा नाही, असं एक जण म्हणाला. पोलिसांत तक्रार नाही, असं दुसरा. ही कारणं मी सोडून देतो. सांगणाऱ्यांनाही ती फारशी खरी वाटत नव्हती. पण एक कारण निघालं आणि सगळ्या माना हलल्या. ‘दुसरी बाजू मिळाली नाही ना भाऊ. किती वेळा फोन लावला, उचलतच नाहीत.’

दुसरी बाजू घ्यावी, याबद्दल माझा वाद नाही. ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारल्याशिवाय छापू नये, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगत आलो. पण हा नियम आपण पाळतो कुणासाठी, ते एकदा बघायला हवं. जिल्हा माहिती कार्यालयाचं प्रसिद्धिपत्रक येतं. धान खरेदी सुरळीत सुरू आहे, असं त्यात असतं. खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टर लावून रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याला कुणी फोन लावला? प्रसिद्धिपत्रकातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा चारही साप्ताहिकांत तशीच उतरते. दुसरी बाजू राहू द्या, पहिली बाजूही आपण वाचत नाही.

नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी निघते. कार्यसम्राट, विकासपुरुष, गोरगरिबांचा आधार. त्या गोरगरिबांपैकी एकालाही विचारलेलं नसतं. पोलीस ठाण्यातून चिठ्ठी येते आणि पकडलेल्या पारधी पोराचं नाव, गाव, वय पुढच्या अंकात असतं. कोठडीत असलेल्या त्या पोराची बाजू मिळेपर्यंत अंक थांबवल्याचं माझ्या माहितीत नाही. गोसेखुर्द धरणाचं बघा. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं तेव्हा हा प्रकल्प ३७२ कोटींचा सांगितला होता. पुढे खर्च हजारो कोटींवर गेला. प्रकल्प अमुक वर्षी पूर्ण होणार, ही घोषणा आपण किती मंत्र्यांच्या तोंडून किती वेळा छापली? पवनी तालुक्यातल्या ज्या माणसाचं घर आणि शेत पाण्याखाली गेलं, त्याला विचारल्याशिवाय मंत्र्याची घोषणा छापायची नाही, असं एकदा तरी ठरवलं का? तेव्हा कुणाला दुसरी बाजू आठवत नाही.

ती आठवते केव्हा? बातमी मजुराची असते आणि आरोप जमीनवाल्यावर असतो तेव्हा. मग एकदम आपण न्यायाधीश होतो. आणि न्यायाधीशही असे, की आरोपी समन्स घेत नाही म्हणून खटलाच बंद करणारे. फोन न उचलून सुटणं इतकं सोपं होऊन बसलं आहे. वकील नको, खुलासा नको, नोटीस नको. मोबाईल उलटा ठेवला की बातमी मेली. या शेतमालकाला हे नीट कळलं आहे. म्हणूनच तो उचलत नाही. दिवाळी अंकाच्या जाहिरातीसाठी याच नंबरवर फोन लावला की पहिल्या रिंगला उचलला जातो, हे सभेत बसलेल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे.

यावर उपाय जुना आहे आणि आपल्याला माहीत आहे. प्रश्न लिहून पाठवायचे, उत्तराला वाजवी मुदत द्यायची, मुदत संपली की बातमी छापायची आणि त्यातच स्पष्ट लिहायचं की विचारणा केली, उत्तर आलं नाही. नंतर उत्तर आलं तर तेवढ्याच ठळकपणे तेही छापायचं. एवढं केलं की त्याच्यावरही अन्याय होत नाही. आणि छापण्याआधी पडताळायचं तर पडताळण्यासारखं समोर होतं. वहीतल्या तारखा होत्या, बांध्यांची नावं होती, शेजारच्या धुऱ्यावर काम करणारी माणसं होती. गावात जाऊन चार जणांना विचारायला अर्धा दिवस लागला असता.

या जिल्ह्यात तरी हे कारण कुणी तोंडातून काढू नये, असं मला फार वाटतं. २९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर या भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना ठार मारलं. भैयालाल भोतमांगे वाचले. त्या वेळी दुसरी बाजू मिळायला किती वेळ लागला? अजिबात नाही. मारलेल्या बाईच्या चारित्र्याबद्दल गावात जे कुजबुजलं जात होतं तेच सुरुवातीच्या बातम्यांत शिरलं आणि जातीच्या हत्याकांडाला अनैतिक संबंधाचा रंग चढला. सुरेखाताईंची बाजू घ्यायला कुणी थांबलं नाही. घेणार तरी कुठून, त्या जिवंत नव्हत्या. जमिनीचा वाद, पोलिसांत दिलेली साक्ष, शिकणारी मुलगी, हे सगळं नंतर पुढे आलं. तेही गावोगाव फिरलेल्या कार्यकर्त्यांनी सत्यशोधनाचे अहवाल लिहिले म्हणून, आणि नोव्हेंबरात महाराष्ट्रभर लोक रस्त्यावर उतरले म्हणून. तोवर मोठ्या वर्तमानपत्रांना हत्याकांड दिसलं नव्हतं. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या जन्मठेपेत बदलली. अ‍ॅट्रॉसिटी कायदा काही लागू झाला नाही. निकालावर आपण आजही बोलतो, बोलायलाच हवं. पण पहिल्या पंधरा दिवसांत काय छापून आलं, त्यावर एकदा आपल्या मासिक सभेत विषय ठेवा. ऐनवेळचा नको, क्रमांक एकचा ठेवा.

मजुरीची तुलना हत्येशी होत नाही, हे मला कुणी सांगायला नको. मी बोलतो आहे ते आपल्या सवयीबद्दल. ज्याच्याकडे जमीन आहे त्याची बाजू न विचारता मिळते, किंवा ती मिळेपर्यंत आपण वाट बघतो. ज्याच्याकडे काही नाही त्याची बाजू वहीत लिहून समोर आली तरी ती आपल्याला बाजू वाटत नाही. खैरलांजीतही हेच झालं आणि परवाही हेच झालं.

आणि हे आपण करावं? दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी एवढा चिडलो नसतो. प्रत्येक सभेत कुणीतरी १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक काढतं. बाबासाहेब आपल्या जिल्ह्यातून लढले आणि हरले, ते शल्य सांगताना आवाज कापतो, आणि तो खोटा नसतो. ३१ जानेवारीच्या ‘मूकनायक’ दिनी हार घातला जातो. मग १९२० सालच्या त्या पहिल्या अंकात बाबासाहेबांची तक्रार काय होती तेही आठवावं. मुंबई इलाख्यातली पत्रं आपापल्या जातीचं हित पाहतात, इतरांची त्यांना पर्वा नाही, ही ती तक्रार. म्हणूनच स्वतःचं पत्र काढावं लागलं. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे मोजायची तयारी असूनही ‘केसरी’ने छापली नव्हती. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, पांडुरंग नंदराम भटकर संपादक झाले, आणि तीन-साडेतीन वर्षांत ते बंदही पडलं. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ ला निघालं, १९२९ ला थांबलं. १९३० ला ‘जनता’ निघालं, १९५६ ला त्याचं ‘प्रबुद्ध भारत’ झालं. जाहिरातीवर यातलं कोणतं पत्र गबर झालं? इकडे आपल्या शेजारी नागपुरात किसन फागोजी बनसोडे एकामागून एक पत्रं काढत होते. ‘निराश्रित हिंद नागरिक’ बंद पडलं तर ‘विटाळ विध्वंसक’, आणि १९१८ साली ‘मजूर पत्रिका’. मजुरांसाठी वेगळं पत्र, शंभर वर्षांपूर्वी, आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर. आणि आपल्याला आज मजुरीची चार ओळींची बातमी जड जाते.

जाहिरातीचा शब्द परवा कुणी काढला नाही. तो प्रत्येकाच्या मनात होता, हे मात्र मला माहीत आहे. आणि इथे माझा आवाज थोडा खाली येतो. ज्याच्या घरी दोन लेकरं कॉलेजात आहेत, ज्याचं साप्ताहिक वर्षभरात मिळणाऱ्या मोजक्या जाहिरातींवर आणि जाहीर सूचनांवर कसंबसं चालतं, कागदाचे आणि छपाईचे पैसे ज्याला उधारीवर फिरवावे लागतात, त्याला मी छाती पुढे काढ म्हणून कसं सांगू? सरकारी जाहिरातींचं बिल कधी निघतं हे मलाही ठाऊक आहे. त्या माणसाने उठून सांगितलं असतं, की मला भीती वाटते, त्या शेतमालकाच्या घराण्याला दुखावलं तर माझं पत्र बंद पडेल, तर मी खाली बसलो असतो. भीती ही खरी गोष्ट आहे, तिच्यावर चार जणांना मिळून तोडगा काढता येतो. सगळ्या साप्ताहिकांनी ती बातमी एकाच आठवड्यात छापली तर तो शेतमालक कुणाकुणाची जाहिरात बंद करणार? संघ असतो कशासाठी, ओळखपत्रांसाठी? पण भीतीला नियमाचं नाव दिलं की तिच्यावर बोलताच येत नाही. मग आपण घाबरलेले राहत नाही, जबाबदार ठरतो, आणि त्या वहीवाल्या बाया बेजबाबदार ठरतात.

त्यांनी पऱ्हे लावले त्या बांध्यांतलं धान आता कापणीला आलं आहे. पावसाळ्यातल्या चिखलात कमरेतून वाकून केलेलं काम ते. गुत्त्याचे ठरलेले पैसे मिळाले नाहीत, मागायला गेल्या तर कापणीला बोलावणार नाही असं सांगितलं गेलं, एवढीच त्यांची तक्रार. तिच्यात खोट असेल तर ती शोधून काढा. मजुरीचा हिशेब चुकला असेल, काही पैसे दिले गेले असतील, मधल्या मुकादमाने ठेवून घेतले असतील, काहीही निघू शकतं. पण त्यासाठी कुणीतरी गावात जावं लागतं.

पुढच्या सभेची विषयपत्रिका अजून निघालेली नाही. हा विषय पहिला घ्या, सत्कार नंतर. सभा सकाळी ठेवा, म्हणजे त्या बायांना परतीची एसटी मिळेल. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे; उरलेलं अर्धं संघाने भरावं, दोन पुष्पगुच्छ कमी आणले की तेवढं सहज होईल. शेतमालकालाही लेखी बोलावणं पाठवा, पोच घ्या, त्याच्यासाठी खुर्ची ठेवा. आला तर त्याचं सगळं ऐकून घ्या आणि जसंच्या तसं छापा. नाही आला तर सभेच्या बातमीत जिथे उपस्थितांच्या नावांचा परिच्छेद टाकता, तिथेच खाली लिहा की यांना बोलावलं होतं, हे आले नाहीत.