एकीच्या जागी दुसरी

पडद्यावरील स्त्रीची अप्रतिष्ठा आपण बहुधा तिच्या वस्त्रांवरून मोजतो. इंग्लिश गायक रॉबर्ट पामर यांच्या १९८६ साली गाजलेल्या ‘अ‍ॅडिक्टेड टू लव्ह’ या गीताची चित्रफीत हे माप अपुरे ठरविते. गायकामागे पाच तरुणी वाद्ये घेऊन उभ्या आहेत. वेश एक, रंगभूषा एक, मुद्रा निर्विकार. वादनाचा केवळ आविर्भाव. स्वतःची ओळख आहे ती एकट्या गायकाला. अन्य कित्येक चित्रफितींत तर कॅमेरा ओठ, कंबर, पाय असे तुकडेच वेचतो. तुकड्याला नाव नसते.

माणसाला केवळ साधन मानू नये, असे कांटने १७८५ मध्ये बजावले. त्याची कसोटी सोपी आहे: एकीच्या जागी दुसरी उभी केल्यास आपल्या ध्यानी येईल काय? येणार नसेल, तर आपण पाहिले खरे, पण कोणाला?