काचेवरचे चरे

घड्याळात काच ही एकच वस्तू अशी आहे की, जी नीट असली म्हणजे दिसत नाही. तबकडी पाहण्यासाठी असते, काटे पाहण्यासाठी असतात. काच मात्र पलीकडचे पाहण्यासाठी असते. ती डोळ्यांत भरू लागली की खुशाल समजावे, तिच्यावर चरे पडले आहेत. आता हे चरे काढावेत की ठेवावेत, हा काही शहाण्या माणसाला पडण्याजोगा प्रश्न नव्हे. जुन्या घड्याळाच्या मालकाला तो कधीमधी पडतो; आणि मालक हयात नसला म्हणजे त्याच्या माणसांना फारच पडतो.

आमच्या ताईच्या लग्नात, १९८८ साली, वडिलांनी जावयाला एच.एम.टी.चे ‘जनता’ घड्याळ दिले. जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधल्याखेरीज लग्न पार पडले असे त्या काळी कुणाला वाटतच नसे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगलोरला या घड्याळांचा कारखाना निघाला, आणि २०१६ साली सरकारने ती घड्याळ कंपनीच मोडीत काढली. दाजींचे घड्याळ मात्र चावी दिली की अजून चालते. दाजी लेथवर काम करीत. लोखंडाचा बारीक कीस काचेवर बसे, आणि संध्याकाळी घरी आले की ते सदऱ्याच्या टोकाने काच पुसत. माझी अशी समजूत आहे की, निम्मे चरे कामाने पडले असतील आणि निम्मे या पुसण्याने. कीस अंगावर असताना फडके फिरवले की काच चरायचीच. मायेनेही ओरखडे पडतात, हे आम्हां शिक्षकांना निराळे सांगायला नको.

यंदा दिवाळीत ते घड्याळ भाच्याला द्यायचे ताईने ठरवले, आणि काच उजळण्याचे काम माझ्याकडे आले. ‘जनता’ची काच खरे म्हणजे काच नसतेच, अॅक्रिलिक असते. नखाने वाजवली तर बद्द आवाज येतो. ती लवकर चरते, पण फुटून तिच्या ठिकऱ्या उडत नाहीत. १९६९ साली चंद्रावर गेलेल्या माणसांच्या ओमेगा घड्याळांनाही असलीच काच होती, ती याच कारणासाठी. तिला साधी पांढरी टूथपेस्ट पुरते. धातूच्या कडेला चिकटपट्टी लावावी, मऊ फडक्यावर हरभऱ्याएवढी पेस्ट घ्यावी आणि हलक्या हाताने गोल गोल घासावे. चरा खोल असेल तर आधी अगदी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवावा. पाणी आत जाऊ देऊ नये. खऱ्या काचेवर हा उपाय चालत नाही, आणि नीलमणी काचेला तर हिऱ्याची पूडच लागते. तिथे घड्याळजी गाठावा हे बरे.

घासता घासता एक गोष्ट ध्यानात येते. आपण चरा काढला असे म्हणतो, पण चरा काही निघत नाही; तो मुळात खड्डाच. आपण त्याच्या भोवतालची सारी काच त्याच्या तळाइतकी खाली आणतो. एका रेघेसाठी सबंध काच झिजवावी लागते.

मनावरच्या ओरखड्यांची उपमा इथे कुणालाही सुचेल. वर्गात भांडलेल्या दोन पोरांना ‘झाले गेले विसरा, हातात हात द्या’ असे आपण सांगतो, तेव्हा मार खाल्लेल्या पोराला आपण किती काच झिजवायला सांगत असतो याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मारणाऱ्याचे काहीच झिजत नाही. तेव्हा ही उपमा घ्यायचीच तर क्षमेचे गोडवे गाण्यासाठी घेऊ नये, इतकेच.

काम अर्धे झाले आणि भाच्याचा पुण्याहून फोन आला. “मामा, बाबांचे चरे घालवू नका. तेवढेच तर उरलंय त्यांचं.”

पोराचे म्हणणे टाकाऊ नव्हते. जुनी घड्याळे विकणारे कित्येकदा तबकडी नव्याने रंगवून अस्सल म्हणून खपवतात, ही सरळ फसवणूक. घडलेले घडलेच नाही असे ती सांगते. मग मी तरी काय करीत होतो? मी ताईला विचारले. ती पणत्या भिजत घालीत होती.

“अरे, ते रोज पुसायचे ना काच? त्यांना का चरे हवे होते? त्यांना वेळ दिसायला हवी होती.”

मला ताईचे पटले. तबकडी हे घड्याळाचे तोंड; त्यावरचा डाग त्याचा स्वतःचा. काच ही मध्ये उभी असलेली वस्तू. तिच्यावरच्या चऱ्यांवर प्रेम मागे राहिलेली माणसे करतात. घड्याळ घालणारा डोळे बारीक करून काटे शोधत असतो.

तरी सगळे चरे गेले नाहीत. पाचाच्या आकड्यापाशी एक फार खोल होता. तो काढायचा तर काच तिथे पातळ झाली असती, म्हणून मी हात आवरला. भाऊबीजेला भाच्याने घड्याळ हातात घेतले, तो चरा अंगठ्याने चाचपला आणि म्हणाला, “हा राहिला, बरं झालं. बाबांच्या लेथचा आहे.”

“कसला लेथचा!” ताई म्हणाली. “तू तीन वर्षांचा होतास. उंबऱ्यावर आपटलं होतंस.”