पहिलीतली दाढ

चि. भाचीस,

शहापूर तालुक्यात डोळखांबकडे पहिलीचा वर्ग मिळाला, ते तुझ्या बाबांनी सांगितलं. पोरांना दात घासायला कसं शिकवू, असं विचारलंयस. माझी नोकरी मुरबाडकडे गेली, पण पोरं शहापूरची काय नि मुरबाडची काय, सारखीच.

भिंतीवर तक्ता लावण्याआधी त्यांना 'आ' करायला सांग. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे एक नवी दाढ फुटते. तिच्यासाठी आधी काही पडत नाही, म्हणून घरी पत्ताच नसतो. पुढचा दात पडला की कौलांवर टाकायचा सोहळा होतो, हिला कोण विचारतं? किडली की आई म्हणते, "दुधाचीच आहे, पडेल." पण ती जन्मभराची असते. नवी, म्हणून कवच अजून कच्चं, माथ्यावर खोल खाचा, त्यात शेजारणीपेक्षा ठेंगणी. ब्रश वरूनच निघून जातो. तो गालाच्या बाजूने आडवा आत घालून तेवढी दाढ वेगळी घासायला शिकव. पेस्ट फ्लोराइडवाली, वाटाण्याएवढी. थुंकायचं, पण खळखळून चूळ नको. सातआठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाचा हात लागतोच.

शाळेत सकाळी रांगेने दात घासून घेतात, फोटोही छान येतो. खरी गरज रात्रीची. झोपेत लाळ कमी होते आणि दातांत अडकलेल्या बिस्किटाचं जंतू रात्रभर आम्ल करत बसतात.

आता मशेरी. टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कुठला कायदा गाठणार? आजी लावते, शेजारी बसलेली नातही बोट बुडवते. आजीपुढे व्याख्यान झोडू नकोस, तिची सवय तुझ्या भाषणाने सुटायची नाही. एवढंच म्हण, "आजी, पोरीचं बोट डबीत नको." नातवंडासाठी म्हातारी माणसं पुष्कळ ऐकतात.

ब्रश वर्गातल्या खिळ्यांना टांगून ठेवू नकोस. दिवाळीनंतर कातकऱ्यांची घरं भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात, ब्रश मात्र खिळ्यालाच राहतो. ब्रश पोरांसोबत जाऊ दे. नसेलच तर बाभळीचं किंवा करंजाचं दातवण मऊ चावून तीच मागची दाढ घासायची, हे दाखवून ठेव.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, दातांची कीडही तपासतं. त्या दिवशी घाई फार असते. दाढ काळी दिसलेल्या पोरांची नावं आधीच लिहून ठेव आणि त्यांना पुढे उभं कर. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळाली तर ती दप्तरात घालून मोकळी होऊ नकोस. कोणत्या दिवशी, कोणत्या एस.टी.ने, कोण घेऊन जाणार, हे आईबापांशी संध्याकाळच्या आत ठरव.

तुझी,
आत्या