सोन्याच्या वेदीवरची तीन व्रतं



जुन्या गोव्याला जाणारी बहुतेक माणसं बाँ जेझूमध्ये संत झेवियरचं दर्शन घेतात, रस्ता ओलांडून से कॅथेड्रल पाहतात आणि पणजीची बस धरतात. कॅथेड्रलच्या पश्चिमेला, अगदी शेजारी, असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च आहे. तिकडे फारसं कुणी वळत नाही. खरं तर पाहण्यासारखं तिथे जास्त आहे.

आजची इमारत 1661 सालची. दरवाजा मात्र त्याहून जुना. फ्रान्सिस्कन साधूंच्या आधीच्या चर्चमधला तो काळसर दगडी दरवाजा नव्या बांधकामात तसाच ठेवला गेला. त्यावर क्रूस आहे, आणि कड्याकड्यांचे गोलही कोरलेले आहेत. असा गोल म्हणजे दर्यावर्दींचं आकाश समजून घेण्याचं साधन, आणि पोर्तुगालचा राजा मानुएल याचं निशाण. देवाच्या घरात शिरताना आधी राजाची सही दिसते!

आत गेल्यावर नजर सोन्याकडे धावते, पण पायांखाली फरशीत थडग्यांच्या शिळा आहेत. मानकऱ्यांच्या, घराण्यांची चिन्हं कोरलेल्या. आपल्याला पंढरपूरची नामदेव पायरी आठवते. पण फरक आहे. नामदेवांनी संतांची पायधूळ लागावी म्हणून पायरीची जागा मागितली. या मानकऱ्यांना चर्चच्या आत पुरलं जाणं हीच प्रतिष्ठा होती. 

आता वेदी. छतापर्यंत चढत गेलेलं लाकडी कोरीवकाम, त्यावर सोन्याचा मुलामा. मधोमध प्रसादपेटी, आणि तिला आधार देणारे चार शुभवर्तमानकार: मत्तय, मार्क, लूक आणि योहान. ज्यांच्या लेखणीतून येशूची कथा जगाला मिळाली, त्यांनीच इथे भार पेललेला. वाचता न येणाऱ्या माणसाला हे सांगायला पुस्तक लागत नव्हतं. ज्यांना ऐकून कळेल त्यांच्यासाठी फादर स्टीफन्स या धर्मोपदेशकानं मराठी ओव्यांत येशूची कथा सांगणारं क्रिस्तपुराण रचलं होतं. ते 1616 मध्ये छापलं गेलं.

प्रसादपेटीच्या वर क्रुसावरचा येशू आणि शेजारी संत फ्रान्सिस. या दोन मूर्तींच्या खाली संताची तीन व्रतं कोरलेली आहेत: दारिद्र्य, नम्रता आणि आज्ञापालन. सगळीकडे सोनं झळकतंय, आणि मध्यभागी लिहिलंय दारिद्र्य.

फ्रान्सिस हा असिसीतल्या श्रीमंत कापडव्यापाऱ्याचा मुलगा. बापाशी बिनसलं तेव्हा त्यानं बिशपसमोर अंगावरचे कपडे उतरवून बापाला परत केले, अशी त्याची कथा आहे. त्या माणसाला सोन्यात बसवलेलं त्याला रुचलं असतं का? मला नाही वाटत. देहूला तुकोबांच्या पालखीतली चांदी पाहतानाही हाच प्रश्न मनात येतो. भक्ताला आपलं सर्वांत मौल्यवान ते द्यायचं असतं. ज्याला द्यायचं त्यानं तेच टाकलेलं असतं. हा पेच भक्तीइतकाच जुना आहे.

पण गोव्यात त्याला आणखी एक बाजू आहे, ती झाकू नये. याच शहरात 1560 मध्ये पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) बसलं. त्याच काळात या मुलखातली देवळं पाडली गेली, आणि मंगेश, शांतादुर्गा या देवतांना जुवारी नदीपलीकडे, फोंड्याच्या बाजूला हलवावं लागलं. नम्रतेचं व्रत वेदीवर कोरणाऱ्या राजवटीला ते पाळता आलं नाही. कारागिरी अप्रतिम आहे, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवता आल्या पाहिजेत.

गोव्याला गेलात, तर बस धरण्याआधी थोडा वेळ काढून शेजारच्या या चर्चमध्ये जा. आधी दरवाजा बघा, मग फरशी, आणि शेवटी वेदी. सोबत मुलं असतील तर त्यांना ती तीन व्रतं शोधायला सांगा.