शेजाऱ्याची ओळख आजारपणापूर्वी



मालवण किनाऱ्यावरच्या वाडीत रात्री कुणाला दुखू-खुपू लागले, तर एका हाकेत चार घरे जागी होतात. याच वाड्यांतली मुले आता शिक्षणासाठी परदेशी जातात. तिथल्या वसतिगृहात भिंतीपलीकडे कोण राहते, हे महिनोन्‌महिने ठाऊक नसते. मग एके रात्री अपेंडिक्सची कळ उठते. अनोळखी दार ठोठावण्याच्या संकोचाने मुलगा पहाटेपर्यंत तळमळत राहतो. ते फुटले तर प्राणावर बेतते. शेवटी दारे उघडतात, आणि रुग्णवाहिकेची वाट पाहताना शेजारी एकमेकांची नावे प्रथमच विचारतात.

सूरह अन-निसाच्या ३६व्या आयतीत अल्लाह तआलाने आप्त शेजारी, परका शेजारी आणि निकटचा सोबती या तिघांशीही सद्वर्तनाची आज्ञा दिली आहे. या सोबत्यात काही भाष्यकारांनी सहाध्यायीही गणला आहे. येथे धर्माची अट नाही, प्रेषित (स.) आजारी यहुदी मुलाच्या भेटीस स्वतः गेले होते. रश्शात पाणी वाढवून शेजाऱ्याची आठवण ठेवावी, असे त्यांनी हजरत अबू जर (रजि.) यांना शिकविले. म्हणजे शेजारधर्म संकटात नव्हे, रोजच्या चुलीपाशी सुरू होतो.

म्हणून पालकांनो, मुलाला निरोप देताना एवढे सांगा : पहिल्याच आठवड्यात शेजारचे दार ठोठाव, सलाम कर, नाव सांग, तातडीच्या मदतीचा क्रमांक पाठ कर. जर्मनीत तो ११२, अमेरिकेत ९११ आहे. आणि आपल्या गल्लीत खोली घेऊन राहणारा परगावचा विद्यार्थी? त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे का?

अल्लाह आपल्याला शेजाऱ्याचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.