सबब, निमित्त आणि 'एक्स्क्यूज'

आम्हांला इंग्रजी शिकविणारे मास्तर उच्चारांच्या बाबतीत फार काटेकोर होते. आठवीच्या वर्गात रजेचा अर्ज शिकविताना त्यांनी फळ्यावर 'एक्स्क्यूज' हा शब्द दोनदा लिहिला आणि म्हणाले, "स्पेलिंग एकच, पण शब्द दोन. नाम असेल तेव्हा शेवटी 'स' म्हणा. क्रियापद असेल तेव्हा 'जरा'मधला 'ज'." वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. ते पुढे म्हणाले, "'स'चा शब्द चूक करणाऱ्याच्या हातात असतो, 'ज'चा समोरच्याच्या. सबब तुम्ही सांगायची, सोडून द्यायचे की नाही ते त्याने ठरवायचे." आम्ही ते परीक्षेपुरते लक्षात ठेवले आणि परीक्षेनंतर विसरलो.

हा शब्द आता इंग्रजी उरलेला नाही. विरारच्या गाडीत दारापर्यंत पोहोचण्यासाठी कोपराने वाट काढीत आपण 'एक्स्क्यूज मी' म्हणतो, तेव्हा समोरच्याने आपल्याला खरोखर सोडून दिले का, हे पाहावयास कोणी थांबत नाही. शब्दाचा जन्म मात्र असा किरकोळ नाही. लॅटिनमधील 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'काउसा' म्हणजे कारण. पण 'काउसा'चा दुसरा अर्थ न्यायासनासमोरचा खटला असाही आहे. एखाद्याला आरोपातून बाहेर काढणे, हा ह्या शब्दाचा मूळ व्यापार. न्यायमंदिरातला हा शब्द घसरत घसरत लोकलच्या दारापर्यंत आला.

आपल्या 'सबब'चीही कथा थोडीफार अशीच आहे. हा अरबी शब्द, अर्थ केवळ 'कारण'. दप्तरी मराठीत तो अजून त्याच प्रतिष्ठेने वावरतो. 'सबब, विनंती की' असे अर्जात लिहिणारा काही लबाडी करीत नसतो. तोच शब्द घरात आला की बिचाऱ्याची पत जाते. 'सबबी सांगू नकोस' असे आई म्हणते तेव्हा कारण खरे आहे की खोटे ह्याची ती चौकशीही करीत नाही. 'निमित्त' त्या मानाने सभ्य राहिले आहे. सणानिमित्त आपण एकत्र जमतो आणि कोणी गेले की 'ताप हे निमित्त झाले' म्हणतो. 'बहाणा' मात्र उघडउघड खोटा. मराठीने ज्यासाठी तीन-चार शब्द ठेवले, तिथे इंग्रजी बहुधा एकावरच भागवते. म्हणून त्या एका शब्दाच्या पोटात खरी अगतिकता आणि निव्वळ थाप शेजारी शेजारी नांदतात.

त्यांची फारकत करण्याचा एक सुंदर प्रयत्न ऑक्सफर्डचे तत्त्वचिंतक जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ साली ॲरिस्टॉटेलियन सोसायटीपुढे केलेल्या भाषणात केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आपल्यावर ठपका आला की बचावाचे दोन मार्ग असतात. 'मी केले, पण ते योग्यच होते' हे झाले समर्थन. 'ते वाईट झाले हे खरे, पण सारा दोष माझा नाही' ही झाली सबब. समर्थन करणारा जबाबदारी पत्करतो आणि वाईटपणा नाकारतो. सबब सांगणारा वाईटपणा पत्करतो आणि जबाबदारी कमी करून मागतो. त्यांनी दिलेले गाढवांचे उदाहरण मजेदार आहे. माझे आणि शेजाऱ्याचे गाढव एकाच कुरणात चरते. मला माझे गाढव नकोसे होते, मी नेम धरून गोळी झाडतो आणि जवळ जाऊन पाहतो तो मेलेले गाढव शेजाऱ्याचे! ही चूक झाली. पण मी नेम माझ्याच गाढवावर धरला आणि गोळी सुटताना जनावरे हलली, तर तो अपघात झाला. शेजाऱ्याचे गाढव दोन्ही वेळा मेलेलेच आहे, तरी त्याच्या दारात उभे राहून आपण काय सांगावे, हे दोन्ही वेळा सारखे नाही. ऑस्टिन आणखी एक बारकावा सांगतात. पायाखाली गोगलगाय चिरडली तर 'लक्ष नव्हते' एवढे पुरते. पायाखाली तान्हे मूल आले तर पुरत नाही. सबब खरी असूनही तोकडी पडू शकते.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १८६०च्या भारतीय दंडविधानात कलम ७६ ते १०६ हा सारा भाग अशा अपवादांसाठीच होता, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेनेही हे अपवाद कायम ठेवले आहेत. सात वर्षांखालील मूल, वेडाच्या भरात असलेला मनुष्य, योग्य ती काळजी घेऊनही ज्याच्या हातून अपघात झाला तो, हे सारे सुटतात. ज्याला नकळत वा बळजबरीने दारू पाजली आणि ज्याला आपण काय करतो ह्याचे भान उरले नाही, तोही सुटतो; पण जो आपल्या पायांनी गुत्त्यावर गेला त्याला दारूची सबब तशी तारीत नाही. ख्रिस्तसभेच्या १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथातही अज्ञान, अनवधान, जबरदस्ती, भीती आणि सवय ह्यांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे स्पष्ट म्हटले आहे. सबब म्हटली की ती वाईटच, असे मानणाऱ्या कडक मंडळींनी हे ध्यानात घ्यावे.

तरीसुद्धा पवित्र शास्त्रात सबबी सांगणाऱ्यांची रांग काही लहान नाही. आदामाने एवेकडे बोट दाखविले आणि एवेने सापाकडे. अहरोनाची सबब तर ऐकत राहावी अशी आहे: लोकांनी सोने दिले, मी ते विस्तवात टाकले आणि हे वासरू बाहेर आले! जणू त्या वासरानेच स्वतःला घडविले. परंतु आम्हांला अधिक अस्वस्थ करतात ते लूकच्या चौदाव्या अध्यायातील मेजवानीचे तीन पाहुणे. एकाला विकत घेतलेले शेत पाहावयाचे होते, दुसऱ्याला बैलांच्या पाच जोड्या जोखावयाच्या होत्या आणि तिसऱ्याचे नुकतेच लग्न झाले होते. पहिल्या दोघांच्या विनंतीत संत जेरोमच्या लॅटिन भाषांतराने हाच 'एक्स्क्यूज'चा मूळ शब्द वापरला आहे. ह्या तिघांपैकी कोणी खोटे बोलत होता असे त्या दाखल्यात कोठेही म्हटलेले नाही. शेत खरे होते, बैल खरे होते. तिसऱ्याला तर जुन्या नियमाचा आधार वाटला असेल. अनुवादाच्या पुस्तकात नवविवाहिताला वर्षभर लढाईतून सूट आहे. मात्र ती सूट लढाईतून होती, जेवणातून नव्हे. खोटी सबब पकडता येते. खरी सबब पुढे करून आपण आपल्याला जे करावयाचेच नव्हते ते टाळतो, तेव्हा ते आपल्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही.

येथे आमची मायबोली आम्हांला फार मदत करते, हे कबूल केले पाहिजे. कपबशी आम्ही फोडीत नाही; ती 'हातून फुटते'. पत्राचे उत्तर आम्ही टाळीत नाही. ते 'राहून जाते'. 'मला जमले नाही' ह्या वाक्यात 'मी' कोठे आहे? तो 'ला' प्रत्यय लावून कोपऱ्यात उभा आहे. 'वेळ मिळाला नाही' म्हणताना वेळ ही कोणीतरी आणून द्यावयाची वस्तू होती आणि ती आणणारा आलाच नाही, असा आमचा एकंदर सूर असतो. (हा लेख आम्ही 'आम्ही' म्हणून लिहीत आहोत, ह्यातही थोडी पळवाट आहेच.)

ते मास्तर निवृत्तीनंतर आमच्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर राहात. अखेरच्या आजारात ते सात महिने अंथरुणाला खिळून होते. त्यांनी दोनदा निरोप पाठविला. दोन्ही वेळा आम्ही 'येतो' म्हणून कळविले. कामे होती, वाडीतल्या केळींचा हंगाम होता, घरात लग्न होते, पावसाळा होता. ह्यातले एकही कारण खोटे नाही. ज्या रविवारी आम्ही मिस्सेनंतर तासभर चर्चच्या आवारात गप्पा मारीत उभे होतो, तो रविवारही खोटा नाही. मास्तर गेले त्या दिवशी आम्ही पोहोचलो. त्यांच्या पत्नींनी आमचा हात हातात घेतला आणि आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, "तुला वेळ मिळाला नसणार रे. मला ठाऊक आहे तुझ्यामागचा व्याप."

आम्ही मान हलविली.

आम्ही सांगणार होतो तीच सबब त्यांनी आम्हांला तयार करून दिली आणि आम्ही ती घेतली. त्यांनी ते मायेने केले, ह्यात शंका नाही. परंतु घरी येताना लक्षात आले की आपल्याला क्षमा मिळालेली नाही, कारण आपण ती मागितलेलीच नाही. सबब मान्य होणे म्हणजे 'तुझा दोष नव्हता' असे ऐकणे. क्षमा होणे म्हणजे 'तुझा दोष होता, तरीही' असे ऐकणे. जेथे सबब खरी आणि पुरेशी आहे तेथे क्षमेचे काही काम नाही. जेथे ती पुरत नाही, तेथे जेवढी ती अधिक मान्य होईल तेवढे क्षमेचे दार अधिक लोटले जाते. कुमसाराला गुडघे टेकल्यावर आपण कितीदा पापे सांगण्याऐवजी पापांची कारणेच सांगत बसतो! नवरा असा, सासू तशी, शेजारी भांडकुदळ. धर्मगुरू सारे शांतपणे ऐकून घेतात. पण सुटका द्यावी तर कशाची, असा प्रश्न त्यांना पडत असेल.

मास्तरांच्या मासिक मिस्सेनंतर आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. ओसरीवर त्यांची खुर्ची तशीच होती. चहाचे आधण ठेवून काकी बाहेर आल्या, तेव्हा आम्ही म्हणालो, "काकी, त्या दिवशी तुम्ही म्हणालात ते खरे नव्हते. वेळ होता. मी आलो नाही."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "होय. ते दाराकडे बघत असत." आणि आत जाऊन त्यांनी चहा गाळला.